एआरडीएस म्हणजे काय, हे आम्हाला वहिनींच्या आजारात कळलं

2024 च्या सप्टेंबरमध्ये माझ्या वहिनींना एआरडीएस झाला, म्हणजे फुप्फुसात पाणी झिरपून रक्ताला ऑक्सिजन पुरेनासा झाला. हा शब्द आमच्या घरात त्याआधी कोणी ऐकलेला नव्हता. आयसीयूच्या दारात उभं राहून मोबाइलवर शोधायला गेलो, तर इंग्रजीतले जड लेख निघाले, नाहीतर किती टक्के दगावतात एवढेच आकडे. रात्रभर तेच वाचत बसलो आणि सकाळी डॉक्टरांना काय विचारायचं तेही सुचेना. आज कोणी अशाच दारात उभा असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात आहे आणि घरची शेती आहे. दादा आणि वहिनी वावर पाहतात.

28 ऑगस्ट 2024 ला वहिनींना थंडी वाजून ताप आला. पोळा तोंडावर होता, सोयाबीनमधलं निंदण सुरू होतं आणि धुऱ्यावरचं गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, 200 रुपये घेतले. ताप उतरायचा आणि संध्याकाळी परत यायचा. डोकं इतकं दुखायचं की त्या ओढणीनं घट्ट बांधून ठेवायच्या. रक्त तपासलं तर मलेरिया निगेटिव्ह, डेंगू निगेटिव्ह, प्लेटलेट मात्र 90 हजारांवर आलेल्या. "व्हायरल असन, उतरन," असंच सगळे म्हणत राहिले. 2 सप्टेंबरला, पोळ्याच्या दिवशी, बैलांना ओवाळून झालं आणि वहिनी तिथेच ओट्यावर बसल्या. तेव्हापासून खोकला सुरू झाला. 4 तारखेला सकाळी म्हणाल्या, "भाऊजी, मले श्वासच पुरून नाही राह्यला."

प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा 86. त्यांनी लगेच ऑक्सिजन लावून 108 ला फोन केला. हे छोटं यंत्र आता आमच्या घरी आहे, 900 रुपयांना मिळालं. तापाच्या माणसाचा आकडा बसल्या जागी 94 च्या खाली दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि 90 च्या खाली असेल तर वाट पाहायचीच नाही. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, तेव्हा दुसरं बोट लावून पाहायचं.

तालुक्याला एक्स-रे काढला. फुप्फुसं काळी दिसायला हवीत, ती दोन्ही बाजूंनी पांढरी होती. चिठ्ठीवर लिहिलं, 'दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया'. जवळ म्हणून आम्ही एका खाजगी दवाखान्यात नेलं. 30 हजार डिपॉझिट भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं की पेशंटला व्हेंटिलेटर लागेल, इथे होणार नाही, आणि हा दवाखाना सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतही नाही. एका रात्रीचे 41 हजार झाले. पेशंट आत घेण्याआधी, स्ट्रेचरवर असतानाच, दोन गोष्टी विचारायच्या: व्हेंटिलेटर रिकामा आहे का, आणि महात्मा फुले योजना इथे चालते का. आमच्या भागातला गंभीर पेशंट शेवटी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकल-मेयोलाच जातो. अशाच एका मोठ्या दवाखान्यात आम्ही 5 सप्टेंबरच्या संध्याकाळी पोचलो. हलवताना साधी गाडी चालत नाही. 108 मध्येही सगळ्या गाड्या सारख्या नसतात, काहींमध्येच व्हेंटिलेटर असतो. फोनवर तसं स्पष्ट सांगावं लागतं. त्यासाठी आम्हाला तासाभराहून जास्त थांबावं लागलं, पण ते थांबणं योग्यच होतं.

आधी मास्कचं मशीन लावलं. रात्रभर वहिनी पोटानं, खांद्यानं, मानेनं श्वास ओढत होत्या. 6 तारखेला पहाटे तीनच्या सुमारास निवासी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं आणि घशातून नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यायची परवानगी मागितली. दादाचा हात थरथरत होता. "मशीनवर टाकलेला माणूस वापस येते का जी?" एवढंच त्यानं विचारलं. डॉक्टर वयानं लहान होती, पण ती दादाच्या शेजारी बाकावर बसली. म्हणाली, "काका, दमून श्वास थांबल्यावर घाईत नळी टाकण्यापेक्षा आता शांतपणे टाकलेली बरी." दादानं सही केली.

सकाळी मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्या फुप्फुसात 30 ते 50 कोटी इवले वायुकोष असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. मधला पडदा इतका पातळ की हवेतला ऑक्सिजन सहज रक्तात उतरतो. मोठा संसर्ग झाला, की शरीर त्याच्याशी जी लढाई करतं तिच्यातच हा पडदा जखमी होतो. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं वायुकोषात झिरपतात. वायुकोष उघडे ठेवणारा जो नैसर्गिक द्रव असतो तो निकामी होतो आणि ते मिटायला लागतात. दादाला समजेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वेचणीच्या वेळी पाऊस येऊन पऱ्हाटीवरचा कापूस भिजला की कसा जड होऊन चिपकतो, फुलत नाही? तसं झालंय." ते दादाला लगेच समजलं.

पुढे त्यांनी जे सांगितलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एआरडीएस हा मूळ आजार नाही, मूळ आजारामुळे फुप्फुसाची झालेली अवस्था आहे. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, मोठा अपघात, कशानंही ती येऊ शकते, आणि मूळ कारण घडल्यापासून साधारण आठवड्याच्या आत येते. व्हेंटिलेटर फुप्फुस बरं करत नाही. मूळ आजारावरचं औषध काम करेपर्यंत आणि पडदा स्वतःहून भरून येईपर्यंत तो फक्त वेळ मिळवून देतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न 'कधी बरं होईल' हा नाही, तर 'कशामुळे झालंय आणि त्याचं औषध सुरू झालं का' हा आहे.

वहिनींचं कारण सापडलं ते एका सिस्टरमुळे. अंग पुसताना कमरेशी, जिथे परकराची नाडी बांधतात तिथे, तिला एक काळी खपली दिसली, भोवती लाल कडं. दुखत नव्हती, खाजत नव्हती, त्यामुळे वहिनींनी ती कोणाला सांगितली नव्हती आणि आधीच्या कुठल्याच डॉक्टरांनी तिथे पाहिलं नव्हतं. स्क्रब टायफस. गवतातल्या, झुडपातल्या माइट नावाच्या बारीक किड्याची अळी चावते, डोळ्याला सहज दिसतही नाही इतकी बारीक. तिच्यातून ओरिएन्शिया नावाचा जंतू अंगात जातो आणि साधारण 6 ते 21 दिवसांत ताप येतो. खपली काखेत, जांघेत, कमरेशी, स्तनाखाली अशा झाकलेल्या जागी असते आणि काहींना नसतेही. आमच्या विदर्भात 2018 च्या पावसाळ्यात याची मोठी साथ आली होती, तरी गावात आजही ताप म्हटलं की डेंगूच. निंदणाला वाकून बसणाऱ्या बायांना याचा धोका मोठा आणि त्यांचीच तपासणी सगळ्यात वरवरची होते, याचा मला अजून त्रास होतो.

या जंतूवर पेनिसिलिनच्या जातीची नेहमीची अँटिबायोटिक चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं, जे अगदी स्वस्त औषध आहे. डॉक्टरांनी आयजीएम तपासणीला रक्त पाठवलं, पण रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून सुरू केलं. गंभीर स्क्रब टायफसमध्ये एकट्या औषधापेक्षा ही जोडी चांगली ठरते, असं भारतातल्याच दवाखान्यांत झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलंय, असं त्यांनी सांगितलं. रिपोर्ट दोन दिवसांनी पॉझिटिव्ह आला.

याच धावपळीत कागदांचं काम. योजनेसाठी राशन कार्ड आणि आधार लागतं. आमचं कार्ड केशरी, पण त्याच्यावर वहिनींचं नाव एक आणि आधारवर दुसरं, लग्नानंतर बदललेलं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्रानं सांगितलं की तातडीच्या केसमध्ये फोनवरून मंजुरी घेता येते, कागद नंतर दिले तरी चालतात. ती मंजुरी त्यानं लगेच घेतली. मग दादाचा साळा तहसीलच्या पुरवठा विभागात जाऊन दुरुस्ती करून आला. जुलै 2024 पासून योजनेची मर्यादा दीड लाखांवरून कुटुंबाला वर्षाला 5 लाख झाली होती, तिचा आम्हाला मोठा आधार झाला. तरीही बाहेरच्या काही तपासण्या, आमचं राहणं-जेवण, येणं-जाणं आणि त्या खाजगी रात्रीचे पैसे धरून घरचे सव्वा लाखाच्या आसपास गेले. सोयाबीन निघायचं होतं, म्हणून त्यातले काही उसने घेतले. घरातल्या सगळ्यांची नावं राशन कार्डावर आणि आधारवर एकसारखी आहेत का, हे आजच पाहून ठेवा. हेल्पलाइनचा नंबर 155388.

आयसीयूत भेट सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच मिळायची. मी एक वही केली आणि रोज तेच तीन प्रश्न विचारायचो: ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे, पीप किती आहे, आणि पीएफ किती आला. पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही वायुकोष मिटू नयेत म्हणून मशीन ठेवत असलेला दाब. पीएफ म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबाला, आपण देत असलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणानं भागायचं. धडधाकट माणसाचा हा आकडा 400 च्या वर असतो. 2012 साली ठरलेल्या बर्लिन व्याख्येप्रमाणे 300 च्या खाली सौम्य, 200 च्या खाली मध्यम, 100 च्या खाली तीव्र एआरडीएस. वहिनींच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब 58 होता आणि तोही 70 टक्के ऑक्सिजनवर. म्हणजे 58 भागिले 0.7, 83. तो आकडा वहीत लिहिला तेव्हा मी दादाला सांगितला नाही.

एका दुपारी सिस्टर टेप घेऊन वहिनींची उंची मोजत होती. व्हेंटिलेटरवर उंची कशाला, असं मी विचारलं. फुप्फुसाचा आकार वजनावर नाही, उंचीवर ठरतो, म्हणून मशीननं एका श्वासात किती हवा द्यायची ते उंचीवरून काढतात. वहिनी 150 सेंटिमीटर, त्यांना एका वेळी साधारण 260 मिली. पूर्वी याच्या दुप्पट द्यायचे आणि त्या ताणानं उरलंसुरलं फुप्फुसही फाटायचं. 2000 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की हवा निम्मी केल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31 वर आलं. या आजाराचं पहिलं वर्णन 1967 सालचं, 12 पेशंटचं. म्हणजे माझ्या आईच्या हयातीतलं. त्याच्यावर अजून एकही खास औषध नाही. जे काही सुधारलंय ते सगळं नीट सांभाळण्यानं सुधारलंय, हे कळलं तेव्हा त्या टेपवाल्या सिस्टरकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो.

7 तारखेला, घराघरात गणपती बसत होते त्या दिवशी, वहिनींना पालथं केलं. चार-पाच जण मिळून नळ्या सांभाळत हळूच उलटवतात आणि 16 तास तसंच ठेवतात. पाठीकडचा फुप्फुसाचा भाग मोठा असतो, उताणं झोपल्यावर तोच दबतो. पालथं केलं की तो उघडतो. तीव्र एआरडीएसमध्ये यानं जीव वाचतात हे 2013 च्या एका फ्रेंच अभ्यासानंतर पक्कं झालं. त्याची परवानगी मागतील, तर घाबरून नाही म्हणू नका. पण पाहायला जाताना मनाची तयारी ठेवा. चेहरा इतका सुजतो की ओळखू येत नाही. आई दारातूनच मागे फिरली. ती सूज उताणं केल्यावर उतरते. पहिल्या वेळेनंतर पीएफ 130 वर गेला. मग रोज उलटसुलट सुरू राहिलं. 10 तारखेला, महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी, 190. पालथं करणं थांबवलं.

12 तारखेपासून गुंगीचं औषध कमी करत आणलं. 14 ला मशीनचा आधार अगदी कमी करून त्या स्वतः किती श्वास घेतात ते पाहिलं. 15 सप्टेंबरला नळी काढली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण पुढचे काही दिवस फार कठीण गेले. वहिनी मला ओळखायच्या आणि लगेच म्हणायच्या, "भाऊजी, वावरात पाणी भरून राह्यलं, पोट्टे कुठं हायेत?" रात्री सलाईन उपटायच्या. दादाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. आयसीयूतल्या पेशंटना असा भ्रम पुष्कळदा होतो आणि बहुतेकांचा ओसरतो, हे आधी कोणी सांगितलं असतं तर त्यानं इतकं रडून घेतलं नसतं. वाद घालायचा नाही. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, सोबत कोण आहे, हे शांतपणे सांगत राहायचं. त्यांचा चष्मा घरून आणून दिला त्याचाही उपयोग झाला. चार-पाच दिवसांत त्या शुद्धीवर आल्या.

25 सप्टेंबरला सुटी झाली. घरी आलेली बाई 9 किलोनं कमी झालेली, उभं राहायला दोघांचा आधार, आवाज घोगरा. बसल्या जागी ऑक्सिजन 94, पण मोरीपर्यंत चाललं की 87. म्हणून ऑक्सिजन काढून देणारं कॉन्सन्ट्रेटर महिन्याला साडेचार हजार भाड्यानं आणलं. गावात लाईट किती वेळ जाते हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको: भरलेला लहान सिलिंडर जोडीला ठेवावाच लागतो, आणि चुलीपासून, उदबत्तीपासून लांब. नोव्हेंबरच्या सुरुवातीला यंत्र परत केलं.

फिजिओथेरपिस्टनं घरी करायचं सगळं लिहून दिलं होतं. तीन गोळ्यांचं श्वासाचं खेळणं, 350 रुपयांचं. खाटेवरून उठणं-बसणं. अंगणात चालणं, रोज थोडं वाढवत. खायला अंडी, तुरीचं वरण, दाणे, कारण आयसीयूत स्नायूंचंही मोठं नुकसान झालेलं असतं आणि थकवा बहुतेक त्याचाच असतो. शेजारच्या बाया भेटायला येऊन म्हणायच्या, "अजून झोपूनच?" नळी निघाली म्हणजे आजार गेला, असंच सगळ्यांना वाटतं. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की फुप्फुस बरंचसं पहिल्या सहा महिन्यांत सुधारतं, ताकद यायला वर्ष लागू शकतं. डिसेंबरात केस मुठीमुठीनं गळले. मोठ्या आजारानंतर ते होतं आणि परत येतात. आलेही.

त्याहून जड गेलं ते रात्री दचकून उठणं. अंगावर पांघरूण आलं तरी त्यांना गुदमरल्यासारखं व्हायचं. सप्टेंबरचे कितीतरी दिवस त्यांच्या आठवणीतून गेलेले होते आणि उरले होते ते पाण्याचे आणि बांधून ठेवल्याचे भास. "मी कुठं होती एवढ्या दिवस?" असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा मी ती वही काढली. रोज थोडी वाचायचो. हात का बांधले होते, पालथं का केलं होतं, गणपतीच्या दिवशी कोण आलं होतं. काही ठिकाणी त्या रडल्या, पण झोप हळूहळू लागायला लागली. तरी जानेवारीत मनोविकार विभागात दाखवलं, सहा महिने गोळी चालली. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं आणि आम्ही ते लपवलंही नाही.

सहा मिनिटं चालण्याची एक साधी तपासणी असते. नोव्हेंबरात वहिनी 280 मीटर चालल्या, मार्चमध्ये 410, जून 2025 मध्ये 455. फुप्फुसात हवा किती मावते तो आकडा जवळपास नॉर्मल आलाय. हवेतून रक्तात वायू किती जातो, ज्याला डिफ्यूजन म्हणतात, ते मात्र अपेक्षेच्या 68 टक्के आहे. अनेकांचं ते थोडं कमीच राहतं आणि रोजच्या कामाला अडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. फ्लूची लस दिली. चूल बंद केली, गॅसवरच स्वयंपाक.

2025 मध्ये निंदणाला त्या गेल्या, सकाळचे दोन-तीन तास. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोजे, बूट, बसायला बारदाना. धुऱ्यावरचं गवत दादानं जुलैतच कापलं. घरी आल्याबरोबर आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. आशाताईंना आम्ही सगळं सांगितलं, त्या आता तापाच्या बायांना आत नेऊन कमर-काख पाहतात आणि खपली दिसली किंवा ताप पाच दिवसांवर गेला की स्क्रबची तपासणी करायला पाठवतात. पुढची भेट डिसेंबरात आहे. तेव्हा डिफ्यूजन परत मोजतील. आकडा वाढला नाही तरी चालेल, 68 च्या खाली जायला नको, असं सांगितलंय.